रविवारची सहल कोणाची?

उन्हाळ्याची सुटी लागली की मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर प्रचंड फलक झळकू लागतात. हवेत उलटी लटकून आनंदाने किंचाळणारी तरुण मंडळी, रंगीत पाळणे, निळेशार कृत्रिम पाणी आणि घरदार घेऊन एक दिवस सारे विसरून जाण्याचे अगत्याचे निमंत्रण! हे निमंत्रण नेमके कोणाला आहे, हे मात्र फलकावरील चित्रापेक्षा तेथवर पोहोचण्याच्या वाटेवरून अधिक स्पष्ट होते. वाट द्रुतगती मार्गाची असते. त्या वाटेच्या शेवटी विस्तीर्ण मोटारतळ असतो. रेल्वेचे स्थानक आणि करमणूकनगरीचे प्रवेशद्वार यांची मात्र क्वचितच गाठ पडते. ज्या शहराचा सारा श्रमिक वर्ग रेल्वेच्या डब्यातून कामाला जातो आणि डब्यातूनच घरी परततो, त्या शहराच्या करमणुकीची ठिकाणे रुळांकडे पाठ फिरवून उभी राहावीत, हा योगायोग नव्हे.

पाळण्यांवर अग्रलेख लिहिण्याइतके बाकीचे प्रश्न संपले काय, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. महागाई आहे, बेकारी आहे, कंत्राटी कामगारांची पिळवणूक आहे. तेथे सहलीचे कौतुक कशाला? हा आक्षेप नवा नाही आणि तो प्रामाणिकही आहे. परंतु कामगार चळवळीची पहिली मोठी मागणी केवळ पगाराची नव्हती, ती वेळेची होती, याचा त्यात विसर पडतो. दिवसाचे आठ तास कामाचे, आठ तास विश्रांतीचे आणि आठ तास ज्याचे त्याचे, ही ती मागणी. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, हजारो सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला, तेव्हा त्यातील अग्रक्रमाची मागणी आठवड्याच्या सुटीची होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. आज ज्या रविवारी करमणुकीच्या धंद्याचा गल्ला भरतो, तो रविवार कोणा मालकाने औदार्याने दिलेला नाही. सत्यशोधकांच्या तालमीत तयार झालेल्या एका मराठी माणसाने तो झगडून मिळविला आहे. मग त्या रविवारी कामगाराने कोठे जावे आणि कसे जावे, हा प्रश्न चळवळीच्या कक्षेबाहेरचा कसा ठरतो?

त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांशी ज्यांची स्पर्धा चालू होती, त्या लँकेशायरकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथील मालकांना मुंबईची स्पर्धा खुपू लागली तेव्हा त्यांना एकाएकी भारतीय कामगारांचा कळवळा आला आणि १८८१ च्या कारखाना कायद्यामागे त्या कळवळ्याचा बराच हात होता. ते असो. परंतु त्याच लँकेशायरच्या कामगारांनी आपल्या सुटीचे जे केले, ते दखल घेण्याजोगे आहे. तेथे प्रत्येक गिरणीगावाचा उन्हाळ्यातील एक आठवडा ठरलेला असे. त्या आठवड्यात गावच्या साऱ्या गिरण्या बंद राहत, यंत्रांची दुरुस्ती होई आणि अख्खे गाव आगगाडीत बसून समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जाई. या सुटीचा पगार मिळत नसे. पगारी सुटीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली झाला. तेव्हा कामगार वर्षभर आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकीत आणि त्यासाठी त्यांची मंडळे असत. गिरणगावातील भिशीचेच ते भावंड. जमलेल्या पैशाचे वाटप सुटीच्या तोंडावर होई आणि दुसऱ्या दिवशी गाव ओस पडे.

हे शक्य झाले ते स्वस्त गाडीमुळे. टॉमस कुक याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात नेऊन आणली. हेतू धंद्याचा नव्हता, कामगारांना दारूपासून परावृत्त करण्याचा होता. (पुढे त्याच नावाची जगभर पसरलेली प्रवासी कंपनी झाली आणि २०१९ साली ती दिवाळखोरीत गेली, हा भाग निराळा.) ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ साली पोहोचली. प्लेझर बीच हे तेथील करमणूक-उद्यान १८९६ चे. शहराच्या ऐन मध्यावर, समुद्रापासून काही पावलांवर असलेल्या सेंट्रल स्थानकाला चौदा फलाट होते! एवढे फलाट बांधावे लागले ते व्यापाऱ्यांसाठी नव्हे, अधिकाऱ्यांसाठी नव्हे; विणकऱ्यांच्या आणि कातणाऱ्या बायापोरांच्या सहलीसाठी.

यातील आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ब्लॅकपूलच्या उद्यानात शिरण्यास पैसे पडत नसत. ज्या पाळण्यात बसावयाचे त्याचे तेवढे तिकीट काढावयाचे. आजीने बाकावर बसून नातवंडे बघावीत, आईने घरून आणलेली भाकरी सोडावी, बापाने पोराला एकदाच चक्रात बसवावे आणि उरलेला दिवस समुद्राच्या वाऱ्यात काढावा, असे करता येई. गरीब कुटुंब आपल्या खिशाप्रमाणे आनंदाचे माप ठरवू शकत होते. महाराष्ट्रातील जत्रा याच तत्त्वावर चालते. आकाशपाळण्याला पैसे पडतात, पाळण्याकडे बघण्याला पडत नाहीत. ब्लॅकपूलमध्ये ही मोकळीक २००९ साली संपली आणि प्रवेशालाच मूल्य लागले. त्याआधी कितीतरी वर्षे, १९६४ साली, ते चौदा फलाटांचे स्थानकही बंद करण्यात आले होते आणि त्या जागेवर मोटारतळ झाला होता. पुढे १९८७ साली उद्यानाच्या शेजारी एक छोटे थांबा-स्थानक उघडण्यात आले, ते आजही चालू आहे. पण एका फलाटाने चौदांची भरपाई व्हावयाची नसते.

अमेरिकेतील क्रम याहून वेगळा नाही. तेथील जुनी करमणूक-उद्याने तर ट्रॅम कंपन्यांनीच आपापल्या मार्गाच्या टोकाला बांधली. रविवारी रिकाम्या धावणाऱ्या गाड्या भरण्याची ती युक्ती होती. पिट्सबर्गजवळचे केनीवूड १८९८ साली असेच उभे राहिले. न्यूयॉर्कचे कोनी आयलंड हे तर १९२० पासून भुयारी रेल्वेच्या पाच सेंटच्या तिकिटावर पोसले गेले. स्थलांतरितांच्या कोंदट वस्त्यांतून निघालेला माणूस एका नाण्यात समुद्रापर्यंत पोहोचत होता. हा सारा भांडवलदारांचा नफ्याचा हिशेब होता, यात शंका नाही. पण त्या हिशेबाला गरिबाच्या पाच सेंटची गरज होती. पुढे हिशेब बदलला. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. जागा निवडताना तज्ज्ञांकडून पाहणी करून घेण्यात आली आणि नव्याने होऊ घातलेल्या महामार्गाची बाजू पसंत करण्यात आली. लॉस एंजेलिस परिसरात दूरवर पसरलेले विजेच्या लाल गाड्यांचे जाळे त्याच सुमारास मोडीत निघत होते; १९६१ साली त्यातील शेवटची गाडी थांबली. गंमत अशी की डिस्नेलँडच्या आत, उद्यानाला प्रदक्षिणा घालणारी वाफेची झुकझुक गाडी पहिल्या दिवसापासून आहे. बाहेरच्या जगातून लोकांची रेल्वे गेली आणि कुंपणाच्या आत तिचे खेळणे झाले. मोटारयुगातील करमणुकीच्या धंद्याची एवढी बोलकी खूण दुसरी सापडणार नाही.

मोटारीशिवाय अशी उद्याने चालत नाहीत, असा बचाव यावर केला जातो. तो टिकणारा नाही. हीच डिस्ने कंपनी पॅरिसजवळ आली तेव्हा १९८७ सालच्या करारात फ्रेंच सरकारने उपनगरी रेल्वे उद्यानाच्या दारापर्यंत नेण्याचे मान्य केले आणि १९९२ साली उद्यानाबरोबरच स्थानकही सुरू झाले. दोन वर्षांनी तेथे अतिवेगवान गाड्याही थांबू लागल्या. तोक्योचे डिस्नेलँड १९८३ चे. ते चालविणाऱ्या कंपनीच्या उभारणीतच एका खाजगी रेल्वे कंपनीचा वाटा होता आणि १९८८ साली उद्यानालगत माइहामा हे स्थानक झाले. या दोन्ही ठिकाणचे प्रवेशमूल्य सामान्य कुटुंबाला घाम फोडणारे आहे आणि पॅरिसच्या उद्यानावर फ्रेंच जनतेचा पैसा ज्या सढळ हाताने उधळण्यात आला त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, भांडवलाला हवी असते तेव्हा रेल्वे दारात येते. नको असते तेव्हा तिची अडचण सांगितली जाते.

महाराष्ट्राला सहलीची गाडी अपरिचित आहे काय? पंढरीच्या वारकऱ्यांसाठी बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९०६ साली पंढरपूरपर्यंत पोहोचला आणि आषाढी-कार्तिकीला त्या चिमुकल्या गाड्या माणसांनी ओसंडून वाहिल्या. आजही आषाढीला रेल्वे खास गाड्या सोडते आणि ते योग्यच आहे. भक्तीसाठी जो बंदोबस्त होऊ शकतो तो विरंगुळ्यासाठी होऊ शकत नाही, असे रेल्वेच्या कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. आणि खरे पाहता जत्रेला जाणाऱ्या कष्टकऱ्याने देवदर्शन आणि पाळणा यांची फारकत कधीच केली नव्हती.

मुंबईपुरते बोलावयाचे तर गोराईच्या खाडीपलीकडे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. तेही खाजगी, तेथेही दारावर तिकीट, आणि त्या परिसरातील जमिनीचा इतिहास वादांपासून मुक्त नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. बोरिवलीला किंवा मालाडला लोकलमधून उतरावयाचे, बेस्टची बस पकडून जेट्टी गाठावयाची आणि फेरीबोटीने खाडी ओलांडावयाची, असा तो प्रवास होता. मोटार नसलेल्या कुटुंबाला तो जमत होता. किंबहुना त्या बोटीचे अप्रूप लहान मुलांना पाळण्यांइतकेच वाटे. परळ-लालबागच्या चाळींतील, भांडुप-विक्रोळीच्या वस्त्यांतील एका पिढीची शाळेची सहल तेथे गेली. वर्षभर साठविलेल्या पैशांतून एकदा जावयाचे, पण जावयाचे, असे ते ठिकाण होते. २०२२ साली ते बंद झाले. बातमी आली, लोकांनी जुन्या जाहिरातीच्या आठवणी काढल्या आणि विषय संपला. त्याच्या जागी लोकलच्या टप्प्यात दुसरे काय मिळणार, हे ना महापालिकेला कोणी विचारले, ना सरकारला. विरोधी पक्षांनीही विचारले नाही, आणि त्यात समाजवाद्यांचाही समावेश करावा लागेल.

आता मोठे नाव आहे ते खालापूर तालुक्यातील इमॅजिकाचे. २०१३ साली ते सुरू झाले, द्रुतगती मार्गाच्या आधाराने. या मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, तीनचाकीला मज्जाव आहे. म्हणजे कामगाराने हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल आणि त्याच्या शेजाऱ्याची रिक्षा, दोन्ही त्या वाटेला अपात्र. त्यांनी जुन्या रस्त्याने यावे. आणि रेल्वे? खोपोलीला रेल्वे आहे, तीही आजकालची नव्हे. १८५६ साली लोहमार्ग तेथे पोहोचला होता. बोरघाटातील मार्ग १८६३ साली पुरा होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारे प्रवासी खोपोलीलाच उतरत आणि पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत. आजही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून खोपोलीपर्यंतच्या दुसऱ्या वर्गाच्या प्रवासाला माणशी पन्नास रुपयेसुद्धा पडत नाहीत. परंतु थेट गाड्या मोजक्या. बाकीच्यांनी कर्जतला उतरून गाडी बदलावी, खोपोलीला उतरून पालीच्या बल्लाळेश्वराला जाणाऱ्या एस.टी.ची वाट पाहावी किंवा रिक्षावाल्याशी घासाघीस करावी, आणि दाराशी पोहोचल्यावर माणशी हजाराच्या वरचा दर्शनी दर ऐकावा. अशा उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास बहुधा मनाई असते. पहाटे उठून केलेला पोळीभाजीचा डबा दारातच अडतो. जी आजी एकाही पाळण्यात बसणार नाही तिलाही तिकीट लागते. मग आजी घरी राहते. पुढल्या वर्षी आईही घरी राहते, आणि अखेर सहलच राहते.

बाजाराचा नियमच असा, असे यावर कोणी म्हणेल. बाजार एवढा स्वावलंबी असता तर गोष्ट निराळी होती. राज्याच्या २००६ च्या पर्यटन धोरणात मोठ्या प्रकल्पांसाठी करमणूक करासह अनेक करांत सवलतींची तरतूद होती. २०२४ च्या नव्या धोरणातही गुंतवणूकदारांसाठी प्रोत्साहने आहेत. द्रुतगती मार्ग सरकारने बांधला. पाणी, वीज, रस्ते यांचा भार जनतेने उचलावयाचा, करमाफीचा खड्डा जनतेने भरावयाचा, आणि त्या बदल्यात जनतेसाठी रेल्वेस्थानकावरून एक बस सोडण्याचीही अट घालावयाची नाही, याला बाजार म्हणत नाहीत. त्याला मेहेरबानी म्हणतात आणि ती वरच्या दिशेने केलेली असते.

रेल्वेची तऱ्हा तर आणखीच विलक्षण. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार हाच मुंबईच्या उपनगरी रेल्वेने मेगाब्लॉकसाठी राखून ठेवला आहे. रुळांची देखभाल झाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. त्या दिवशी उन्हात रुळांवर राबणारे गँगमन हेही कामगारच आहेत. परंतु आठवड्याचे सहा दिवस कामाला नेणाऱ्या गाड्या सातव्या दिवशी सहलीला न्यावयाच्या वेळीच निम्म्या होतात आणि याची कोणाला खंतही वाटत नाही, त्यामागे एक समज घट्ट बसलेला आहे : श्रमिकाचा प्रवास हा कामासाठीच असतो. त्याने रविवारी घरी पडून राहावे आणि सोमवारसाठी ताजेतवाने व्हावे! रजेवर असलेल्या यंत्राला तेल घालावे, तशीच ही दृष्टी.

लोकांना सहलीची हौस नाही असे ज्यांना वाटत असेल त्यांनी सुटीच्या दिवशी भायखळ्याच्या राणीच्या बागेत चक्कर मारावी. स्थानकापासून चालत जाता येते. २०१७ साली तेथील प्रवेशमूल्य वाढवून प्रौढांना ५० रुपये करण्यात आले तेव्हा गदारोळ झाला आणि तो योग्यच होता. तरीही आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपयांत आत जाता येईल अशी तरतूद त्यात करण्यात आली. कल्याणहून, वाशीहून, विरारहून माणसे येतात. तिकिटाच्या रांगा दारापासून दूरवर जातात. सार्वजनिक मालकीची, रेल्वेच्या टप्प्यातील, खिशाला झेपणारी जागा असली की काय होते त्याचा हा रोकडा पुरावा आहे. अशा आणखी जागा मुंबईच्या मध्यावर, परळ आणि करी रोड स्थानकांच्या अगदी कुशीत मिळावयाच्या होत्या. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा एकतृतीयांश भाग उद्याने-मैदानांसाठी महापालिकेकडे यावा, असा नियम १९९१ साली झाला होता. २००१ साली त्यात बदल करून केवळ मोकळी जमीनच हिशेबात धरण्यात आली आणि नागरिकांचा वाटा आकसून गेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. आज तेथे मॉल आहेत, करमणुकीची वातानुकूलित दालने आहेत आणि तीन पिढ्या सूत कातलेल्या घरातील तरुण तेथे रखवालदाराच्या गणवेशात उभा आहे.

करमणूक-उद्याने ही भांडवली संस्कृतीची भुरळ आहे, तेव्हा त्यांच्या दाराशी रेल्वे मागणे म्हणजे त्या भुरळीला हातभार लावणे, असा एक युक्तिवाद डाव्या वर्तुळात ऐकू येतो. त्यातील अर्धा भाग खरा आहे. मोकळे मैदान, समुद्राचा काठ, वनभोजन, कलापथकाचा कार्यक्रम यांची सर पाळण्याला नाही, हे सेवा दलात वाढलेल्या कार्यकर्त्यांना कोणी सांगावयास नको. परंतु चौथीतल्या मुलीने तो पाळणा फलकावर पाहिला आहे आणि तिला त्यात बसावयाचे आहे. तिच्या वडिलांनी तिला भांडवली संस्कृतीवर व्याख्यान द्यावे, ही अपेक्षा ज्यांची स्वतःची मुले केव्हाच तेथे जाऊन आली आहेत त्यांनी तरी बाळगू नये. ब्रिटनमध्ये रेल्वेचे तिकीट दाखविणाऱ्या दोघांना एकाच्या दरात करमणूकस्थळी प्रवेश देण्याच्या योजना चालत आल्या आहेत. त्या खाजगी धंद्याच्या सोयीच्या आहेत, हे उघड आहे. पण महाराष्ट्रात सरकारी सवलत घेणाऱ्या प्रकल्पाला एवढीही अट का घालू नये?

मागण्या फार मोठ्या नाहीत. सुटीच्या हंगामात रविवारी खोपोलीपर्यंत थेट लोकल वाढवाव्यात आणि त्या मार्गावरील ब्लॉक शक्य तेथे रात्री घ्यावेत. स्थानकाबाहेरून उद्यानापर्यंत एस.टी.ने नियमित फेऱ्या कराव्यात आणि त्यांचा खर्च सवलतधारक प्रकल्पावर टाकावा. पुढे ज्यांना करमाफी हवी असेल त्यांना आठवड्यातील किमान एक दिवस अल्प दराचा आणि घरचा डबा आत नेऊ देणारा ठेवण्यास भाग पाडावे. गोराईच्या जागेचे पुढे काय होणार याबद्दल महापालिकेने आणि राज्य सरकारने जाहीर निवेदन करावे.

कर्जत-खोपोलीच्या प्रवासी संघटना गाड्यांसाठी वर्षानुवर्षे भांडत आहेत, परंतु त्या भांडतात त्या नोकरदारांच्या सकाळच्या गाडीसाठी. रविवारच्या गाडीचा प्रश्न त्यांच्या यादीत घालण्याचे काम त्या भागातील शाखांना या पावसाळ्यात करता येईल. एस.टी.च्या आगारात आणि विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात निवेदने द्यावी लागतील, आणि ती दिवाळीच्या सुटीपूर्वी द्यावी लागतील. निवेदनावर सह्या घेण्यास रविवारी सकाळी कर्जतच्या फलाटाइतकी सोयीची जागा नाही. खोपोलीची गाडी सुटेपर्यंत तेथे माणसे बसलेलीच असतात.